अठ्ठेचाळीसपैकी चव्वेचाळीस

सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४

आज ह्यूंची कुंडली मांडायला घेतली. ग्रहांच्या जागी आकडे, एवढाच फरक. अस्थिशल्यतज्ज्ञांच्या मंडळाकडे जीवनगौरव पदकासाठी त्यांचं नाव पाठवायचं आहे. माणूस कसा आहे यात मंडळाला रस नाही. निबंध किती आणि ते किती जणांनी आपापल्या निबंधांत दाखल्याला घेतले, एवढं त्यांना पुरतं. तर प्रोफेसर ह्यू ट्रेलोर: निबंध सत्त्याण्णव, संदर्भ सहा हजार दोनशे बारा, एच-अंक अडतीस. म्हणजे त्यांचे अडतीस निबंध असे, की प्रत्येकाचा निदान अडतीसदा कुणीतरी संदर्भ दिला. सांगलीच्या आमच्या शास्त्रीबुवांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, आधाराला घेतलं की खोडायला? भाष्यकार समोरच्याचं मत ऐसपैस मांडतो तेच मुळी पुढल्या पानावर त्याच्या चिंध्या करायच्या म्हणून. संदर्भ मोजणाऱ्या यंत्राला ते कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही सारखेच, संदर्भ एक.

सगळ्यात मोठा वाटा एकट्या २०१४ च्या निबंधाचा. खुब्याचा नवा सांधा बसवताना मांडीच्या हाडात लांब दांडा ठोकण्याऐवजी आखूड दांडा घालायचा, ही ह्यूंची पद्धत. दोनशे चौदा रुग्ण, दहा वर्षं, दुखण्याच्या प्रश्नावलीत सरासरी अठ्ठेचाळीसपैकी चव्वेचाळीस गुण (जितके गुण जास्त, तितकं दुखणं कमी). एक हजार एकशे त्रेचाळीस संदर्भ. कुठल्या कुठल्या देशांतले सर्जन आता तसाच दांडा घालतात.

त्या निबंधात एक वाक्य आहे: 'स्वतंत्र परीक्षकाने दरवर्षी दूरध्वनीवरून प्रश्नावली भरून घेतली.' स्वतंत्र परीक्षक म्हणजे मी. संस्कृत घेऊन एम.ए. झालेली बाई होबार्टच्या इस्पितळात लोकांच्या खुब्यांची चौकशी करते, हे माझ्या बहिणीला अजून पटलेलं नाही.

(इथे सफाईवालासुद्धा त्यांना ह्यू म्हणतो. तोंडाने मीही. मनात मात्र एकोणीस वर्षं अहोजाहो चालू आहे. सवय.)

बुधवार, २१ फेब्रुवारी

आमची संख्याशास्त्रज्ञ ब्रॉन्विन खोलीत आली ती हातात चार तक्ते घेऊनच. ती मेलबर्नची, त्यामुळे दारावर टकटक करणं तिला वेळेचा अपव्यय वाटतो. यंदा वीस वर्षांचा निकाल काढायचा आहे, आणि नीतिसमितीने अट घातली की प्रश्नावली रुग्णाने घरी, स्वतःच्या हाताने भरावी. म्हणून टपालाने पाठवली. हयात आहेत एकशे एकतीस, उत्तरं आली शहाण्णव.

"शार, तुझी माणसं एकदम आजारी पडली का गं सगळी?" म्हणाली. (शर्वाणीचं इथे सगळ्यांनी शार केलंय.)

सरासरी एकोणतीस आली आहे.

मी म्हटलं, वय झालं लोकांचं. ती म्हणाली, वयाचे चारपाच गुण जातात, पंधरा नाही. शिवाय तिने खाली एक जादा प्रश्न छापला होता, मांडीत दुखतं ते कधीपासून? शहाण्णवांतल्या एकसष्ट जणांनी लिहिलंय, ऑपरेशन झालं तेव्हापासून.

मला रागच आला. मागच्या मार्चमध्ये मी यांतल्या प्रत्येकाशी बोलले आहे. कुणाच्या सुनेचं माहेर कुठलं ते मला ठाऊक आहे. मी सांगितलं, या लोकांना कागद कळलेला नाही. शून्य म्हणजे काही त्रास नाही असं समजून उलटं भरलंय. म्हाताऱ्या माणसांचं होतं असं.

ब्रॉन्विन म्हणाली, असू शकेल, तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. तू तसं लेखी दिलंस तर टपालाचे कागद बाजूला ठेवून पुन्हा फोनवर घेता येतील.

देते म्हटलं.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

लेखी द्यायला बसले. एक तरी उदाहरण हवं म्हणून गठ्ठा चाळला. नेव्हिल ओट्स, वय अठ्ठ्याहत्तर, ह्युऑन खोऱ्यातले चेरीवाले. फोनवर दर वर्षी सेहेचाळीस, एकदा सत्तेचाळीस. टपालात एकोणीस. उलटं भरलंय हे सिद्ध करायला यांच्याइतका सरळ माणूस नाही. पुढच्या शनिवारी जाऊन येईन.

दुपारी ह्यूंना पदकाचा अर्ज दाखवला. केळ्याचं सँडविच खाता खाता त्यांनी तो वाचला. (ते शुक्रवारी केळ्याचं खातात. ताण असला तर कडा काढून. संशोधन-समन्वयकाला असल्या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात.) म्हणाले, "हा कोण गृहस्थ आहे? बरा दिसतो." कडा काढल्या नव्हत्या.

शनिवार, २ मार्च

हे नीट लिहायला हवं.

सिग्नेटच्या पुढे, रस्त्याकडेला सफरचंदांच्या पेट्या ठेवलेलं घर. नेव्हिल फाटकाशी आले नाहीत. आतूनच हाक आली, दार उघडं आहे. स्वयंपाकघरात खाट. चुलीच्या आणि टेबलाच्या मध्ये, भिंतीला लावून, वर नीट अंथरलेली रजई. मला वाटलं पाहुणे आलेत कुणी. मी विचारलंसुद्धा.

"पाहुणा मीच," म्हणाले. "जिने चढायचे सोडून नऊ वर्षं झाली."

चहा झाला, फळांचा केक झाला. मी कागद काढला आणि आपण शून्य कुठल्या बाजूला धरलंत असं विचारलं. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. म्हणाले, बरोबर भरलंय. शेवटचा प्रश्न जरा कमीच सांगितलाय.

दाराजवळच्या खिळ्याला कुत्र्याचा पट्टा टांगलेला होता. मी टिंकर कुठे आहे विचारलं. या कुत्र्याची चौकशी मी फोनवर दर वर्षी करते. टिंकर गेला, २०२० च्या हिवाळ्यात. पट्टा आता पायासाठी. गाडीत बसताना त्याचा फास पावलात अडकवायचा आणि पाय हाताने ओढून आत घ्यायचा. त्यांनी मला करून दाखवलं. अगदी सफाईने, जणू एखादी युक्ती दाखवावी तसं.

मी म्हटलं, मागच्या वर्षी तुम्ही मला टिंकर मजेत आहे म्हणालात.

"तू किती आनंदाने विचारलंस, पोरी. आता तुला कुठे सांगायचं."

आणि पाय?

त्यांनी पट्टा परत खिळ्याला लावला. मग जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. "हे बघ. वर्षातून एकदा तुझा फोन यायचा. झाडांना मोहोर किती, मुलगी पर्थहून आली का, सगळं विचारायचीस. आणि मग म्हणायचीस, जिना चढताना त्रास नाही ना काही? आता त्यावर कुणी हो म्हणेल का? नाही म्हटलं की तुझा आवाज असा खुलायचा. शिवाय ह्यूने इतक्या मनापासून केलेलं काम. त्याच्या कानावर जायचं आणि त्याला झोप लागायची नाही."

परत येताना चेरीचं लोणचं दिलं. वाटेत नदीच्या पुलापाशी गाडी थांबवली. काही कारण नव्हतं.

रविवार, ३ मार्च

मी कशी विचारते ते आज आरशासमोर म्हणून पाहिलं. प्रश्नावलीत आहे: 'गेल्या चार आठवड्यांत मोजे घालताना किती अडचण आली?' मी म्हणते, 'मोजेबिजे घालता येतात ना व्यवस्थित?' आई असंच विचारायची आजारी माणसाला. झोप लागली ना? दोन घास गेले ना? आमच्याकडे ही माया आहे. इथे ती मोजमापाची पद्धत म्हणून छापली गेली, आणि एक हजार एकशे त्रेचाळीस जणांनी तिच्यावर इमारत चढवली.

सांधा निसटला, मोडला, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, तर त्याची नोंद होते. जो माणूस मुकाट्याने स्वयंपाकघरात खाट टाकतो त्याची नोंद एकच: मी.

सोमवार, ४ मार्च

अकरा जणांना फोन केले. या वेळी छापील वाक्यं जशीच्या तशी वाचली, शाळेत धडा वाचावा तशी. मिसेस पिअर्सनी मध्येच विचारलं, तुझं काही बिनसलंय का गं? आठ जणांचे गुण तिशीच्या खाली.

शुक्रवार, ८ मार्च

सांगितलं नाही. सांगणार होते. ब्रॉन्विनने लेखी टिपणाचं विचारलं तेव्हा उद्या देते म्हटलं. पदकाच्या अर्जावर आज ह्यूंनी सही केली. मोकळेपणी लिहायचं तर, चार दिवस मी हिशेब करते आहे तो नेव्हिलचा नाही. ह्यू सदुसष्ट वर्षांचे आहेत. बायको कधीच निघून गेली, मूलबाळ नाही. सत्त्याण्णव निबंधांतला हा एक काढला तर उरलेल्यांसाठी कुणी पदक देत नाही, हे मला आणि त्यांना दोघांनाही माहीत आहे. टपालाचे कागद उलटे भरले होते एवढं वाक्य मी लिहिलं, तर ते पदक घेऊन निवृत्त होतील. कुणी मरणार नाही.

पण दांडे अजून ठोकले जाताहेत. आजही कुठेतरी सकाळी एखादा ठोकला गेला असेल, खाली २०१४ चा संदर्भ देऊन.

जेवले नाही. भूक नव्हती म्हणून, बाकी काही नाही.

गुरुवार, १४ मार्च

सांगितलं.

सकाळी दहाला, त्यांच्या खोलीत. मी टिपण करून नेलं होतं, मुद्दे एक ते सहा. दुसऱ्या मुद्द्यापाशी त्यांनी हात वर केला.

"नेव्हिल झोपतो कुठे?"

"स्वयंपाकघरात. नऊ वर्षं."

ते उठून खिडकीशी गेले. डोंगर ढगात होता, बघण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाले की नेव्हिल दर नाताळात चेरीची पेटी पाठवतो. आधी स्वतः घेऊन यायचा, पायऱ्या चढून, इथपर्यंत. मग कधीपासून तरी कुरिअरने यायला लागली. "मी चेरी खात राहिलो, शर्वाणी. पेटी कोण आणून देतं ते बघितलं नाही."

त्यांनी पूर्ण नाव घेतलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच बहुधा. उच्चार बरोबर होता. म्हणजे येत होता.

मी म्हटलं, चूक माझ्या विचारण्याची आहे. ते म्हणाले, बसून बोलू. बारा वाजता त्यांना शस्त्रक्रिया होती.

मंगळवार, १९ मार्च

पदकाचा अर्ज त्यांनी स्वतः फोन करून मागे घेतला. मंडळातल्या कुणीतरी समजावलं म्हणे, पदक होऊन जाऊ दे, निबंधाचं नंतर सावकाश बघू, लोक विसरतात. ह्यूंनी त्याला विचारलं, त्याच्या स्वतःच्या गावात असे आखूड दांडे किती जणांच्या मांडीत आहेत.

ब्रॉन्विनने माझ्या टेबलावर लॅमिंग्टन केकचा तुकडा ठेवला आणि गेली. मेलबर्नचं माणूस यापलीकडे जात नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

निबंधाच्या माघारीचं पत्र नियतकालिकाला पाठवायचं होतं. मसुदा मी केला. 'माहिती गोळा करणाऱ्या समन्वयकाच्या पद्धतीतील दोषामुळे' असं लिहून पुढे माझं नाव घातलं. त्यांनी लाल पेन घेतलं, तो सगळा भाग खोडला आणि वर लिहिलं: 'माहिती गोळा करण्याची पद्धत सदोष होती. तिची संपूर्ण जबाबदारी प्रथम लेखकाची.'

मी वाद घातला. खरं तेच लिहायला हवं म्हटलं.

"तुझं नाव निबंधात नव्हतं," ते म्हणाले, "मग माघारीत कसं येईल?"

बरोबरच आहे. तर्काला धरून आहे. माझ्या वाट्याची शिक्षा त्यांनी मला घेऊ दिली नाही, इतका मोठेपणा कोण दाखवतं? दुपारभर 'तुझं नाव निबंधात नव्हतं' हेच वाक्य डोक्यात फिरत होतं. चांगलं वाक्य आहे. पत्र मीच टपालात टाकलं, म्हणजे बटण दाबलं. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. गार पाणी बरं वाटतं.

सोमवार, २० मे

महिनाभर ह्यू त्या रुग्णांना एकेक करून बोलावून तपासताहेत. पत्रं मी लिहिते, पण तपासणीच्या खोलीत मी नसते. नीतिसमितीचा नियम झाला आहे: ज्यांना रुग्ण ओळखतात त्यांनी प्रश्न विचारायचे नाहीत. फोनसाठी बाहेरची एक बाई नेमली आहे. तिचा आवाज रेल्वेच्या सूचनेसारखा आहे. उत्तम गुण मिळवून देते, म्हणजे खरे.

काहींचा दांडा बदलता येईल. चौदा जणांनी होकार दिला. बाकीचे म्हणतात, आता राहू दे. मिसेस पिअर्सनी ह्यूंचाच हात थोपटला म्हणे आणि म्हणाल्या, तू नको मनाला लावून घेऊस.

नेव्हिल आले नाहीत. ह्यू स्वतः तिकडे गेले. नेव्हिलचं हृदय आता भूल सोसणार नाही. पाच वर्षांपूर्वी सोसलं असतं. ह्यूंनी हे मला जिन्यात सांगितलं, पुढच्या पायरीकडे बघत, आणि तसेच वर गेले.

पाच वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी सेहेचाळीस लिहिले होते.

बुधवार, २६ जून

निबंधाच्या प्रत्येक पानावर आता लाल अक्षरांत 'मागे घेतला' असं आडवं छापलेलं आहे. तरी आज यंत्राने संदर्भ दाखवले एक हजार एकशे अठ्ठावन्न. माघारीनंतर पंधरा वाढले. लोक निबंध वाचत नाहीत, दुसऱ्याच्या यादीतून उचलून आपल्या यादीत ठेवतात. एकाने तर 'दीर्घकालीन उत्कृष्ट परिणाम' असं म्हटलंय. सत्तेचाळीस रुग्णांना हे दांडे घातले आहेत त्याने.

मी त्या पंधराही जणांना पत्रं लिहिली. नम्र, छोटी, सोबत माघारीचा दुवा. दोघांचं उत्तर आलं. एकाने आभार मानले. दुसऱ्याने लिहिलं, निबंध आता छापून झाला आहे, पण पुढच्या वेळी लक्षात ठेवू.

ह्यूंचा एच-अंक अडतीसच राहिला. माघार घेतलेलाही मोजतात. ब्रॉन्विनला हे सांगितलं तर ती हसली, मग थांबली.

गुरुवार, ११ जुलै

विभागाच्या सकाळच्या चहाला ह्यूंनी सांगितलं की या महिन्याअखेर ते निवृत्त होताहेत. बर्नी गावात बहिणीकडे राहणार. समारंभ नको. सगळे एकदम हवामानाबद्दल बोलले.

मी रोजच्याप्रमाणे चारला घरी आले. स्वयंपाक केला. ताटात वाढलं. झोपायच्या वेळी तसंच होतं.

मंगळवार, १६ जुलै

झोप नाही. दाराशी जाऊन येते, काही ऐकू आलं असं वाटतं म्हणून. बहीण फोनवर विचारत होती, आवाज असा का? थंडी म्हटलं.

कपाट आवरताना २००५ पासूनच्या माझ्या वह्या निघाल्या. प्रत्येक रुग्णाच्या नावासमोर गुण आणि शेजारी बारीक अक्षरात: नातू झाला, विहिरीला पाणी कमी, नेव्हिलची बायको गेली (बोलताना दोनदा थांबले). ब्रॉन्विन म्हणाली, हे फेकू नकोस, एवढंच काय ते खरं आहे यात. अभिलेखागारात मात्र घेत नाहीत. आकडे नसलेलं त्यांच्या साच्यात बसत नाही.

बुधवार, ३१ जुलै

आज ते गेले.

सामान फारसं नव्हतं. पुस्तकं विभागाला दिली, सायकल ब्रॉन्विनला. मी दोन खोकी खाली आणायला मदत केली. डोंगरावर बर्फ होतं, वाहनतळावर वारा असा, की बोलायचं तर जवळ उभं राहावं लागत होतं. त्यांनी तोच मरून स्वेटर घातला होता, उजव्या कोपराला उसवलेला. दोन वर्षं सांगणार होते त्याबद्दल.

खोकी मागे ठेवली. डिकी लावली. मग ते गाडीला वळसा घालून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, एक गोष्ट मी कधी विचारली नाही, आता विचारतो. बरेच आठवडे तू अर्धी झालेली दिसतेस. लोक म्हणतात, डबा तसाच परत नेतेस.

"शर्वाणी, तू बरी आहेस ना?"

मी म्हटलं, हो. एकदम छान. थंडी संपली की सांगलीला जाऊन येणार आहे, बहीण वाट बघते आहे. इथे ब्रॉन्विन आहेच. माझी काळजी अजिबात करू नका. आणि हसलेही, चांगलं मोकळं हसले.

त्यांचा चेहरा सैलावला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बरं झालं, म्हणाले, तेवढीच एक चिंता होती. गाडीत बसले, काच खाली केली, हात हलवला आणि ब्रुकर हायवेच्या दिशेने वळले.

त्यांना बरं वाटलं, हे मला स्पष्ट दिसलं.